बसा निवांत

दीनानाथ मास्तरांनी कोणाला शहाणा म्हटलं की त्या माणसाचा दिवस वाया जायचा. चार लोकांत म्हटलं असलं, तर आठवडा.

गावाला त्यांची जीभ पाठ होती. मास्तर 'वा' म्हणाले की काहीतरी बिघडलंय. 'छान झालं' म्हणाले की पुन्हा करायचं. गाव आष्टीपासून पाच मैलांवर. तीनशे घरं, चार इयत्तांची शाळा, दोन मास्तर. दुसरे मास्तर सरळ बोलत, म्हणून त्यांच्याजवळ कोणी बसत नसे. दीनानाथ मास्तर शाळा सुटल्यावर मच्छिंद्र न्हाव्याच्या ओट्यावर येऊन टेकले, की माणसं कामं टाकून जमायची. अर्धी दाढी झालेला माणूसही वस्तऱ्याखालून मान वळवायचा.

एकदा सरपंच गिरिधररावांच्या घरापुढची मोरी फुटली. आठ दिवस घाण पाणी रस्त्यावरून वाहत होतं. सांगायची कोणाची छाती नव्हती. मास्तर जाताजाता थांबले. हात जोडले.

"गिरिधरराव, लोक गंगेसाठी काशीला जातात. तुम्ही तर गंगाच दारात आणली."

"लई जीव तुमचा आमच्यावर, मास्तर," गिरिधरराव म्हणाले. तिसऱ्या दिवशी मोरी बांधून झाली.

हे असं चालायचं. निजामाच्या अमलात अंमलदाराला तोंडावर काही बोलायची सोय नव्हती, तेव्हापासूनची ही वाट. मास्तरांचे वडील एका दुष्काळात, दौऱ्यावर आलेल्या तालुकदाराला म्हणाले होते, "हुजूर आल्यापासून गावाला पुराची भीती उरली नाही." तालुकदारानं खूश होऊन त्यांना पान दिलं. वडलांनी ते घरी आणून गाईला घातलं. मास्तर ही गोष्ट दर वर्षी चौथीच्या पोरांना सांगत.

घरात बायको, उमाबाई, तशाच तयार होत्या. मास्तर जेवताना म्हणत, "मिठाला कंट्रोल लागला वाटतं." उमाबाई तव्याकडे बघतच म्हणत, "तुमच्या बोलण्यात आहे की. त्यातलंच घ्या."

मग गावात सरकारी दवाखाना झाला, आणि डॉक्टर आले.

डॉक्टर तरुण होते. कपडे इस्त्रीचे, भांग नीट. गावाचा बाजार सोमवारी. त्या दिवशी खेड्यापाड्यांतून आजारी माणसं बैलगाड्यांत घालून आणत. डॉक्टर नेमके सोमवारी सकाळच्या मोटारीनं परतूरला जात. तिथं त्यांचा पत्त्यांचा डाव होता. संध्याकाळच्या मोटारीनं परत येत आणि हजेरीच्या वहीत सकाळची सही करत. शिपाई भुजंग वही पुढे धरायचा.

दवाखाना खरा चालवायची ती मैमूनाबी. ती दाई. नवरा वारलेला, पदरात दोन पोरी. हैदराबादेत शिकून आलेली. गावातली निम्मी लेकरं तिच्या हातात पहिल्यांदा रडली होती. बामणाच्या घरापासून म्हारवाड्यापर्यंत कुठूनही हाक आली की ती पेटी उचलायची. मास्तर तिला आपा म्हणत. ती म्हणायची, "मास्टर, तुमें सीधी बात कब करते जी?" मास्तर म्हणत, "आपा, सीधी करून राह्यलो म्हणूनच तर नोकरी टिकलीय." ती पदर तोंडाला लावून हसायची.

अठ्ठावन्न सालच्या सव्वीस जानेवारीला सरपंचांच्या मनात आलं, की डॉक्टरांना मानपत्र द्यावं. डॉक्टरांचे मामा परभणीत मोठ्या जागेवर होते, आणि गावाला रस्ता हवा होता. मानपत्र लिहिणार कोण? गावात सुंदर अक्षर एकच.

मास्तरांनी दोन दिवस घेतले. जाड कागदावर लाल-काळ्या शाईनं मजकूर उतरवला. खाली एक्केचाळीस सह्या आणि अंगठे घेतले. पहिली सही गिरिधररावांची, शेवटची मास्तरांची. मग झेंड्यासमोर उभं राहून त्यांनी तो वाचला.

"आपण या गावी आल्यापासून रुग्णांची संख्या झपाट्याने घटली आहे." लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. दवाखान्यात जाऊन उपयोग नाही, म्हणून लोक जाईनासे झाले होते.

"ऊन असो, पाऊस असो, एका हाकेला धावून येणारा असा धन्वंतरी आम्हांस पूर्वी कधी लाभला नव्हता." इथं मास्तर थांबले. चष्मा पुसला. मागच्या रांगेत खसखस पिकली.

"आपल्या दर्शनासाठी लोक तासन् तास दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहतात. असे भाग्य देवळातल्या देवालाही क्वचित लाभते."

आता सगळं मैदान हसलं. मैमूनाबी तर भिंतीआड जाऊन पोट धरून हसली. डॉक्टर खुर्चीवर हार घालून बसले होते. तेही हसले. लोक आपल्यावर एवढे खूश आहेत याचं त्यांना नवल वाटलं असावं. त्यांनी मानपत्राला परतूरहून काच बसवून आणली आणि आपल्या खोलीत लावलं.

महिनाभर गावाला तो विषय पुरला. मच्छिंद्र गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावताना म्हणायचा, "थांबा जरा, दर्शन होईल."

शिमगा होऊन आठ दिवस झाले होते. सोमवार होता.

मधल्या सुट्टीत मास्तर घरी जेवायला निघाले. वाटेत दवाखाना. दाराला कडी. डॉक्टर परतूरला, भुजंग बाजारात, आणि मैमूनाबी सकाळपासून कुंभारवाड्यात नंदाबाईच्या बाळंतपणाला गेलेली. ओट्यासमोर एक बैलगाडी उभी होती. गाडीत घोंगडीखाली एक पोर कण्हत होती. गाडीवान बैलांना धरून होता. एक म्हातारी बाई ओट्याच्या कडेला उभी. उन्हानं डोळे बारीक केलेले.

"बाबा, डाक्तर हायेत का?"

मास्तरांच्या पोटात भूक होती. आदल्या आठवड्यात डॉक्टर परतूरला होते म्हणून मास्तरांच्या पुतण्याला ताप अंगावर काढावा लागला होता. तो रागही होता. त्यांनी कडी घातलेल्या दाराकडे पाहिलं. असल्या दाराकडे बघून कोणी असा प्रश्न विचारतो का?

"आहेत की!" मास्तर म्हणाले. "आमचे डॉक्टर कधी नसतात का? तुमचीच वाट बघून राह्यलेत. बसा निवांत."

बाईनं हात जोडले. "देव तुमचं भलं करो, बाबा."

मास्तर हसले. म्हातारी तिखट आहे, त्यांना वाटलं. जशास तसं उत्तर दिलं. जेवताना त्यांनी उमाबाईंना ते सांगितलंही. परतताना बाजारातून खडू घ्यायचे होते, म्हणून ते दुसऱ्या वाटेनं शाळेत गेले.

ती बाई तिखट नव्हती. तिचं नाव झुंबरबाई. ती चार कोसांवरच्या वस्तीवरून आली होती. या गावात पहिल्यांदाच. मास्तर कोण, ते कसं बोलतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं होतं, आणि एका टोपीवाल्या, शिकल्यासवरल्या माणसानं मायेनं उत्तर दिलं होतं. ती ओट्यावर बसली. डॉक्टर आत जेवत असतील, झोपले असतील. मोठ्या माणसाचं दार कसं वाजवावं? तिनं गाडीवानाला बैल सोडायला सांगितलं.

ती दोन तास बसली.

मैमूनाबी परत आली तेव्हा घोंगडी ओली झाली होती. तिनं एकदा हात लावून पाहिलं आणि ओरडली, "गाडी जुंपो! परतूर! जल्दी!" स्वतः गाडीत चढली. पण मूल आडवं होतं आणि वाट लांब होती. झुंबरबाईची लेक गोजर परतूरच्या अलीकडे तीन मैलांवर गेली. वय एकोणीस. मूल पोटातच.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्राच्या ओट्यावर मैमूनाबीनं हे सांगितलं. तिचा आवाज बसला होता. "वो बुढ्ढी एकच बात बोलते बैठी, मास्टर. 'डाक्तर हायेत म्हणले, बसा म्हणले.' कौन बोल्या? दो घंटे पहले निकली असती, तो पोंची असती. दवाखान्यातला माणूस होता म्हणते. कौन होता?"

  मास्तरांनी टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. मग उठून घरी गेले.

त्यानंतर ते ओट्यावर येईनासे झाले.

गोजरच्या सासरच्यांनी परभणीला अर्ज केला. डॉक्टरांनी उत्तर दिलं. उत्तर सरळ होतं. मी त्या दिवशी हजर होतो. वहीत सही आहे. दाईनं रोगी आल्याचं मला कळवलं नाही, रोग्याला ओट्यावर बसवून ठेवलं आणि न सांगता निघून गेली. रोग्याची आई स्वतः सांगते, की डॉक्टर आहेत असं तिला दवाखान्यातल्या माणसानं सांगितलं. आणि माझ्या कामाबद्दल गावाचं मत काय आहे, ते सोबतच्या मानपत्रात आहे.

डॉक्टरांनी काचेतला कागद काढून पुराव्याला जोडला होता.

चौकशीचा दिवस ठरला. त्या सकाळी मैमूनाबी मास्तरांच्या घरी आली. उंबऱ्याबाहेरच बसली. उमाबाईंनी पाणी दिलं, ते तिनं तसंच खाली ठेवलं.

"मास्टर, तुमचा कागद माझ्या गळ्यात पडला."

मास्तर ओसरीवर उभे होते. काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडातून आपोआप आलं, "तुम्हांला भीती कसली, आपा? अख्खं गाव तुमच्या पाठीशी आहे."

तिनं वर पाहिलं. "आज नक्को, मास्टर. आज ये नक्को."

मास्तर ओसरीच्या कडेला टेकले.

"नौकरी गई तो गई," ती म्हणाली. "कोणाच्या घरी भाकऱ्या थापीन. पण लोक म्हणतील, मैमूनानं बाळंतीण मारली. फिर मेरेकू कौन बुलाएगा? हे हात घेऊन मी काय करू?" तिनं दोन्ही हात पुढे केले. मोठे, खरखरीत हात. "तुमी फक्त सांगा, वो कागद मज़ाक का था. एक बार सीधा बोलो. बस."

"सांगतो," मास्तर म्हणाले.

ती गेल्यावर गिरिधरराव आले. त्यांना वास लागलाच होता. ते बसलेही नाहीत.

"मास्तर, मानपत्र ते मानपत्र. त्याचा दुसरा अर्थ गावाला नको. सरकारी डॉक्टरची टिंगल केली म्हणाल, तर तुमी बी सरकारीच नोकर. घरी बसाल. आन् चाळीस लोकं तुमच्यासंगं गोत्यात येतील."

"तुम्हीही हसला होता, गिरिधरराव."

"हसू तोंडावर येतं. कागदावर न्हाई."

ते गेले. उमाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना मानपत्राचं ठाऊक होतं. ओट्यावरचंही ठाऊक होतं. त्यांनीच तर ते जेवताना ऐकलं होतं. महिनाभर दोघांनी त्यावर एक शब्द काढला नव्हता.

"कागदाचं सांगाल," त्या म्हणाल्या. "आन् दुसरं?"

मास्तरांनी टोपी घातली आणि निघाले.

चौकशी शाळेतच होती, चौथीच्या वर्गात. परभणीचे साहेब मास्तरांच्या खुर्चीवर बसले होते. शेजारी डॉक्टर. भिंतीला टेकून मैमूनाबी, हात पदरात. खाली पोरांच्या तरटपट्टीवर झुंबरबाई. तिच्या जवळ कोणी नव्हतं. खिडक्यांना बाहेरून माणसं लगडली होती. सह्या करणारे बहुतेक सगळे होते.

मास्तर दाराशीच उभे राहिले, म्हातारीच्या पाठीमागे. पाठ आला नाही म्हणून पोरं उभी राहतात, ती जागा.

साहेब कोरडा माणूस होता. वाईट नव्हता. "हे मानपत्र तुमच्या हातचं?"

"हो."

"यातला मजकूर खरा आहे?"

"नाही."

खिडकीत हालचाल झाली. डॉक्टरांनी मान वळवली.

"म्हणजे खोटं लिहिलंत?"

"उलटं लिहिलं, साहेब. डॉक्टर हाकेला येत नाहीत, म्हणून येतात असं लिहिलं. गावाला ते समजलं होतं."

"मला समजत नाही," साहेब म्हणाले. "मी कागद वाचतो, मास्तर. कागदाच्या मागचं मला दिसत नाही. सरपंच, पहिली सही तुमची. तुम्हांला काय समजलं होतं?"

गिरिधरराव खिडकीतून आत वाकले. "साहेब, मास्तर शिकलेला माणूस. त्यांनी लिहिलं, आमी सही केली. आमचं मन साफ आहे."

"त्या दिवशी सगळे हसले होते," मास्तर म्हणाले.

"आनंदानं हसले होते," डॉक्टर म्हणाले.

साहेबांनी थोडा विचार केला. कागद पुढे सरकवला. "वाचून दाखवा. त्या दिवशी वाचलात तसाच. हसण्यासारखं असेल तर आताही हसतील."

मास्तरांनी पुढे जाऊन कागद घेतला आणि पुन्हा आपल्या जागी आले. घसा साफ केला. त्यांना वाचता यायचं. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, हे त्यांना वडलांकडून आलं होतं.

"आपण या गावी आल्यापासून रुग्णांची संख्या झपाट्याने घटली आहे."

कोणी हसलं नाही.

"ऊन असो, पाऊस असो, एका हाकेला धावून येणारा असा धन्वंतरी..." ते थांबले. चष्मा काढला, पुसला, घातला. खिडकीकडे पाहिलं. मच्छिंद्र खाली बघत होता. भुजंग पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. खिडक्यांत एवढी माणसं, आणि एकाच्याही ओठाची कड हलली नाही. हसण्याविना ते वाक्य नुसतं स्तुती होतं. मास्तरांनाही ते तसंच ऐकू आलं.

"आपल्या दर्शनासाठी लोक तासन् तास दवाखान्याच्या ओट्यावर..."

पुढचं त्यांना वाचता येईना. समोर झुंबरबाईनं मान वर केली होती. ती मागे वळून आवाजाच्या दिशेनं बघत होती, डोळे बारीक करून. उन्हात केले होते तसेच.

"ह्योच," ती म्हणाली.

साहेबांनी विचारलं, "काय?"

"ह्योच आवाज, साहेब. ह्याच बाबांनी सांगितलं मला. डाक्तर हायेत म्हणले. तुमचीच वाट बघून राह्यलेत म्हणले. बसा निवांत म्हणले." तिनं मास्तरांना हात जोडले. "लई मायेनं बोलले. त्या दिवशी तेवढं एकच माणूस मायेनं बोललं माझ्यासंगं."

बाहेर बांधलेल्या बैलाची घंटा वाजली.

साहेबांचा चेहरा मोकळा झाला. "म्हणजे तुम्ही डॉक्टरांना पाहिलं होतं, मास्तर. मग प्रश्न मिटला. डॉक्टर होते."

डॉक्टर खुर्चीत सरळ बसले. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती आणि मोबदल्याचं आश्वासनही. फक्त 'हो' म्हणायचं होतं. एक शब्द. मानपत्र खरं ठरलं असतं, टिंगल केल्याचा डाग गेला असता, नोकरी राहिली असती. आणि समोरची बाई जन्मभर त्यांना भला माणूस समजली असती.

भिंतीजवळ मैमूनाबीला आता कळलं होतं. तिनं मास्तरांकडे पाहिलं नाही. डोळे मिटून घेतले.

"डॉक्टर नव्हते," मास्तर म्हणाले. "दाराला कडी होती. सोमवारी ते परतूरला असतात. मला माहीत होतं."

"मग तुम्ही 'आहेत' का म्हणालात?"

"मी उलट बोललो."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. त्यांच्याआधी झुंबरबाई बोलली.

"म्हंजी? नव्हते?"

"नव्हते, बाई."

"आन् तुमाला ठाव होतं?"

"होतं."

ती विचारात पडली. तिला राग आला नव्हता. तिला कळत नव्हतं. तिनं खरंच समजून घ्यायला विचारलं, "मंग न्हाई म्हणायचं की."

मास्तरांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. 

"माझ्यावर राग होता का तुमचा? म्या काही वंगाळ बोलले का?"

"नाही. मी तुम्हांला ओळखतही नव्हतो."

"मंग कोणावर राग होता?"

"डॉक्टरांवर."

"मंग डाक्तरला बोलायचं ना, बाबा," झुंबरबाई म्हणाली.

मास्तर पुढे आले.  त्यांनी हातातलं मानपत्र टेबलावर ठेवलं.

साहेबांनी कोरा कागद दिला. "जबाब लिहून द्या. सरळ लिहा."

मास्तर पहिल्या रांगेत पोरांच्या जागी बसले. पहिल्यांदा लिहिलं, 'सदर प्रसंगी माझ्या हातून अनवधानाने', आणि खोडलं. दुसऱ्यांदा लिहिलं, 'गावातील प्रचलित बोलण्याच्या पद्धतीनुसार', आणि कागदच चुरगळला. तिसऱ्यांदा लिहायला वेळ लागला नाही. 'डॉक्टर नव्हते. मी आहेत म्हणालो. बाईने माझे खरे मानले. मैमूनाबीला यातले काही माहीत नव्हते.' खाली सही केली. यावेळी एकट्याची.

मग भुजंग आत आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. "साहेब, वहीतली सही सांजची आहे," तो म्हणाला, आणि लगेच बाहेर गेला. खिडकीतून मच्छिंद्र म्हणाला, "सोमवारी डाक्तर कधीच नसतेत, साहेब." बाकीचे गप्पच राहिले. गिरिधरराव केव्हाच निघून गेले होते.

पावसाळ्याच्या आधी डॉक्टरांची बदली झाली. मैमूनाबी राहिली. नंदाबाईच्या जावेनं पहिली हाक मारली, आणि मग हाका थांबल्या नाहीत. मास्तरांना कुंभार पिंपळगावच्या शाळेत पाठवलं. हुकमात कारण नव्हतं. तिथं त्यांना कोणी ओळखत नव्हतं, आणि त्यांनी ओळख करूनही दिली नाही. या गावी कधी आले तर लोक त्यांच्याभोवती जुन्या सवयीनं जमत. मास्तर म्हणत, "यंदा ज्वारी बरी आहे." लोक हसत. ते म्हणत, "खरंच बरी आहे." लोक अधिकच हसत.

पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी जबाब झाल्यावर सगळे बाहेर आले. मैमूनाबी मास्तरांच्या समोरून गेली. थांबली. मान हलवली आणि दवाखान्याकडे चालू लागली. तिथं एक बाई तापलेलं लेकरू घेऊन बसली होती.

झुंबरबाई शाळेच्या पायरीवर उतरली. सोबत कोणी नव्हतं. जावयाकडची माणसं तिला न घेताच गाडीनं निघून गेली होती. ऊन कडक होतं. तिनं डोळ्यांवर हात धरला आणि समोर जो कोणी उभा होता त्याला विचारलं. समोर मास्तर होते.

"परतूरची मोटार गेली का हो?"

आजूबाजूच्या माणसांनी वळून पाहिलं.

 मास्तर पायऱ्या उतरले. रस्त्यापर्यंत चालत गेले. आष्टीच्या बाजूला पाहिलं, धूळ दिसते का ते. मग चहाच्या हॉटेलात जाऊन विचारलं. पुन्हा रस्त्यावर आले, पुन्हा पाहिलं. मग परत आले.

"गेली नाही. अजून तासभर आहे. आली की मी हात करतो."

"मंग बसू का इथं?"

मास्तरांच्या तोंडाशी दोन शब्द आले. त्यांनी एकच उच्चारला.

"बसा."

ती पायरीवर बसली. मास्तर तिच्याजवळ थांबले नाहीत. उन्हात, रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. मोटार येईपर्यंत तिथंच उभे होते.